‘जनरल सायन्स’चा आराखडा शेवटाकडून मांडा

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचा विषय बहुधा फीवरून निघतो, आणि ते रास्तच आहे. राज्याच्या रहिवाशाला तिथे सेमिस्टरच्या एका युनिटमागे ४६ डॉलर पडतात. वर्षाला ३० युनिटं घेतली तर शिक्षणशुल्क होतं १,३८० डॉलर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे ‘यूसी’त, हीच दोन वर्षं काढायची तर रहिवाशालाही साधारण दहापट मोजावे लागतात. त्यामुळे पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करायची, असोसिएट पदवी घ्यायची आणि मग तिसऱ्या वर्षाला यूसीत किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं, हा बेत अनेक घरांत पक्का होतो. विज्ञानाची आवड आहे पण विषय ठरलेला नाही, अशा मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीत ‘सध्या जनरल सायन्स घे, पुढचं पुढे बघू’ हा सल्ला मग ओघानंच येतो. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग चालेल. दुसऱ्या अर्ध्यानं मात्र वर्षं वाया जातात. विज्ञानात दोन वर्षांनी काय हवं आहे ते आधी बघून, तिथून मागे येत पहिल्या सत्राचं वेळापत्रक ठरवावं लागतं.

हे असं का, हे समजायला ही पदवी कशी बनते ते पाहू. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार असोसिएट पदवीला किमान ६० सेमिस्टर युनिटं लागतात. त्यांतली किमान १८ मुख्य विषयातली किंवा विषयगटातली असावी लागतात आणि उरलेल्यांत इंग्रजी, समाजशास्त्रं, कला, वक्तृत्व असं सामान्य शिक्षण येतं. महाराष्ट्रात बी.एस्सी. केलेल्या पालकांच्या डोक्यात एफवायचं वेगळंच चित्र असतं. पीसीएम किंवा पीसीबी गट निवडला की काय, कधी, कोणत्या क्रमानं शिकायचं ते विद्यापीठ ठरवतं. इथे गट नाही. कॉलेज एक यादी देतं, त्यातून विद्यार्थ्यानं निवडायचं. त्या यादीत दोन जातीचे कोर्स शेजारी शेजारी बसलेले असतात. एक, विज्ञान हाच मुख्य विषय करणाऱ्यांसाठीचे: कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, दोन-तीन सत्रांचं जनरल केमिस्ट्री, मेजर्ससाठीचं बायॉलॉजी. दुसरे, इतर शाखांच्या मुलांना विज्ञानाची तोंडओळख व्हावी म्हणून ठेवलेले: गणिताशिवायचं फिजिक्स, खगोलशास्त्राची ओळख, मानवी जीवशास्त्र. अनेक ठिकाणी जनरल सायन्सची पदवी दुसऱ्या जातीच्या कोर्सवरही पुरी होते. पदवी खरी असते, ट्रान्सक्रिप्टवर गुणही चांगले असतात, आणि तरीही यूसीचा केमिस्ट्री विभाग विचारतो की पूर्वतयारीचे कोर्स कुठे आहेत. मग तिसऱ्या वर्षाच्या ऐवजी पुन्हा पहिल्या वर्षाचं रसायन शिकावं लागतं. माझ्या मते या पदवीतला सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि तो पदवीच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेला नसतो.

आता वेळेचं गणित. मराठी पालक ज्या भागात दाट वस्तीनं राहतात त्या कूपर्टिनोमधलं डी अँझा कॉलेज घ्या. तिथे सेमिस्टर नाही, क्वार्टर आहे, म्हणजे उन्हाळा सोडून वर्षाला तीन सत्रं. जनरल केमिस्ट्री तीन क्वार्टरांत शिकवतात: १ए, १बी, १सी. त्यापुढचं ऑर्गॅनिक केमिस्ट्रीही तीन क्वार्टरांचं: १२ए, १२बी, १२सी. ऑर्गॅनिकला बसायचं तर आधी १सी किमान सी श्रेणीनं पार पाडलेलं असावं लागतं. तीन अधिक तीन, सहा क्वार्टर. दोन वर्षांत क्वार्टरही सहाच असतात. म्हणजे ज्याला पूर्ण ऑर्गॅनिक करून बाहेर पडायचं आहे त्यानं पहिल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्येच १ए घेतलं पाहिजे. पहिलं सत्र ‘जरा सेट होऊ दे’ म्हणून इंग्रजी, मानसशास्त्र आणि चित्रकलेत घालवलं, तर रसायनाची साखळी दोन वर्षांत बसतच नाही. मग एक तर उन्हाळ्यात दोन महिन्यांचा दमवणारा कोर्स घ्यावा लागतो किंवा तिसरं वर्ष काढावं लागतं. त्यातही १ए ला थेट बसता येईल की आधी एक तयारीचा कोर्स करावा लागेल, हा प्रश्न उरतोच. फिजिक्सची तीच कथा. त्याच्या पहिल्या कोर्सला कॅल्क्युलस आधी झालेलं किंवा सोबत चालू असावं लागतं. म्हणजे कॅल्क्युलस लांबलं की फिजिक्स लांबतं आणि फिजिक्स लांबलं की पदवी लांबते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं युनिटांच्या बेरजेपेक्षा या क्रमानं ठरतात. इतिहासाचा कोर्स कुठल्याही सत्रात सरकवता येतो, केमिस्ट्रीचा नाही. म्हणून आराखड्याच्या कागदावर आधी या साखळ्या लिहायच्या आणि सामान्य शिक्षणाचे विषय उरलेल्या फटीत बसवायचे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण सामान्य शिक्षणाचे वर्ग सोपे वाटतात आणि त्यात जागा सहज मिळते.

युनिटांची बेरीजही मांडून बघण्यासारखी आहे. २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि स्टेट युनिव्हर्सिटी दोन्हींसाठी सामान्य शिक्षणाचा एकच सामायिक नमुना लागू झाला आहे. त्याला ‘कॅल-गेटसी’ म्हणतात, आणि त्यात ११ कोर्स, किमान ३४ सेमिस्टर युनिटं आहेत. बायॉलॉजीकडे जाणाऱ्या विद्यार्थिनीची पूर्वतयारी सेमिस्टर कॉलेजात साधारण अशी होते: जनरल केमिस्ट्री १० युनिटं, ऑर्गॅनिक १०, बायॉलॉजी १०, कॅल्क्युलस ८, फिजिक्स ८. एकूण ४६. यातलं गणित आणि लॅबसह विज्ञान मिळून सुमारे १० युनिटं कॅल-गेटसीतही मोजली जातात, म्हणून सामान्य शिक्षणाची २४ उरतात. बेरीज ७०. चार सत्रांना भागलं तर दर सत्राला साडेसतरा युनिटं, आणि त्यात दोन-दोन लॅब. हे नीट करू शकणारी मुलं थोडी असतात आणि नोकरी करत करत तर कोणी नाही. तेव्हा प्रामाणिक आराखड्यात पहिल्याच दिवशी एक-दोन उन्हाळे धरलेले असावेत, किंवा अडीच-तीन वर्षं मान्य केलेली असावीत. काही विज्ञान विषयांच्या ट्रान्सफर पदव्यांत मानव्यविद्येचा एक आणि समाजशास्त्राचा एक कोर्स ट्रान्सफरनंतर करायची मुभा असते, ती आहे का ते काउन्सेलरना जरूर विचारा. हे तीन वर्षांचं बोलणं निराशेचं वाटेल, पण राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष याहून कठोर आहे: ट्रान्सफरच्या इराद्यानं कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांच्या आत ट्रान्सफर झालेले पाचांत जेमतेम एक होते. त्यामागे पैसा, नोकरी, घरच्या अडचणी अशी बरीच कारणं असतात. चुकीच्या क्रमानं घेतलेले कोर्स हे त्यांतलं एक, आणि ते विद्यार्थ्याच्या हातातलं आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात उशिरा येते. दोन वर्षांनी यूसीत जायचं असेल तर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो. ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी, म्हणजे ‘टॅग’, हवी असेल तर तो अर्ज त्याच्याही आधी, सप्टेंबरमध्ये. ही हमी डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हमी एकाच ठिकाणची मागता येते, आणि सगळ्या विषयांना ती लागू नसते. अर्ज भरताना हातात गुण असतात फक्त पहिल्या वर्षाचे आणि एका उन्हाळ्याचे. म्हणजे ज्याला आपण दोन वर्षांचा कार्यक्रम म्हणतो, त्यातलं निवडीला दिसणारं वर्ष जवळपास एकच. त्या वर्षात रसायन आणि कॅल्क्युलस नसेल तर अर्ज वाचणाऱ्याला विज्ञानाचा विद्यार्थी कुठे दिसणार?

तर शेवटाकडून मागे यायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? ‘असिस्ट’ नावाची राज्याची अधिकृत वेबसाइट आहे, ती उघडायची. आपलं कॉलेज, जिथे जायचं ते विद्यापीठ आणि तिथला मुख्य विषय निवडला की करारपत्र समोर येतं. डाव्या बाजूला विद्यापीठाचा कोर्स, उजव्या बाजूला त्याच्या तोडीचा आपल्या कॉलेजचा कोर्स. वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. एक, उजवीकडे दोन किंवा तीन कोर्स ‘अँड’ शब्दानं जोडलेले असतील तर ते सगळे मिळूनच डावीकडचा कोर्स होतो. तीनपैकी दोन केले तर तो कोर्स पूर्ण झाला असं धरत नाहीत. म्हणून मालिका एकाच कॉलेजात संपवावी. क्वार्टरच्या कॉलेजात अर्धं रसायन आणि सेमिस्टरच्या कॉलेजात उरलेलं, असं केलं की जोड जुळत नाही. दोन, उजवीकडे कधी ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे त्याच्या तोडीचा मान्य कोर्स आपल्या कॉलेजात नाही. तो शेजारच्या कॉलेजात घेता येतो का, ते तिथलं करारपत्र उघडून पाहायचं. एकाच विषयासाठी तीन-चार विद्यापीठांची करारपत्रं शेजारी ठेवली की सगळीकडे लागणारे कोर्स वर तरंगून येतात. तेच आराखड्याचा कणा. एखाद्याच विद्यापीठाला लागणारे कोर्स नंतर, वेळ उरला तर.

इथे सर्वांत सयुक्तिक आक्षेप येतो. मुलाचा विषयच ठरलेला नसेल तर शेवट कोणता धरायचा? अठराव्या वर्षी ठरलेला नसणं यात काही वावगं नाही, आणि ‘जनरल’ पदवीचा जन्मच या मुलांसाठी आहे. पण विषय ठरलेला नाही म्हणून कोर्सही कसेही घ्यावेत, हा निष्कर्ष निघत नाही. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, पर्यावरणविज्ञान, यांची करारपत्रं शेजारी ठेवून बघा. पहिलं वर्ष बरंचसं सारखं निघतं: कॅल्क्युलस, जनरल केमिस्ट्री आणि इंग्रजीचे दोन कोर्स. मेडिसिनकडे ओढा असेल तरी हाच पाया लागतो, कारण अनेक मेडिकल स्कूलं बायॉलॉजी, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे सगळं लॅबसकट मागतात. म्हणजे जो ठरवू शकत नाही त्यानं तर ही सामायिक वाट अधिक काटेकोरपणे धरायला हवी, कारण तिथून कुठेही वळता येतं. मानवी जीवशास्त्राच्या ओळखीच्या कोर्सवरून केमिस्ट्री मेजरकडे वळता येत नाही, कॅल्क्युलसवरून मात्र मानसशास्त्राकडेही जाता येतं. नर्सिंगचा विचार असेल तर वाट लवकर फुटते. तिथे अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी लागतं, तेव्हा निदान हा एक निर्णय पहिल्या वर्षाअखेर घेऊन टाकावा. रुंद पदवीतूनही पुढे जाता येतं याचं एक उदाहरण बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात १९७६ मध्ये अंतराळवीर आयलीन कॉलिन्स यांनी गणित-विज्ञान अशा रुंद विषयातच असोसिएट पदवी घेतली. तिथून सिराक्यूज विद्यापीठात जाऊन १९७८ मध्ये त्या गणित आणि अर्थशास्त्राच्या पदवीधर झाल्या. जुलै १९९९ मध्ये स्पेस शटलच्या पहिल्या महिला कमांडर म्हणून त्या अंतराळात गेल्या, तेव्हा त्या यानातून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा क्ष-किरण दुर्बीण नेण्यात आली होती. रुंद पदवी कोती नव्हती, कारण तिच्या आत गणित होतं.

दुसरा आक्षेप असा की हातात पदवी तर हवी, नाहीतर दोन वर्षांचा पुरावा काय? यूसीला ट्रान्सफरसाठी असोसिएट पदवी लागतच नाही. तिथे ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटं, ठरलेले कोर्स आणि गुण पाहिले जातात. स्टेट युनिव्हर्सिटीचं वेगळं आहे. २०१० च्या कायद्यानं तयार झालेली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ घेतली तर त्या व्यवस्थेतल्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसला प्रवेशाची हमी मिळते. पण ही पदवी बायॉलॉजी, फिजिक्स, गणित अशा ठरावीक विषयांत असते. साधी जनरल सायन्स पदवी म्हणजे ती नव्हे. दोन्हींच्या नावात ‘असोसिएट’ असल्यानं घरोघरी गफलत होते. नुसत्या असोसिएटवर थांबायचं असेल, लॅब टेक्निशियनसारख्या कामाकडे वळायचं असेल किंवा शिक्षण मध्ये तोडावं लागणार असेल, तर जनरल सायन्सची पदवी जरूर पदरात पाडून घ्यावी. पुढे परत यायला ती आधार होते. भारतात परतायचं ठरलं तर मात्र हे ध्यानात ठेवा की ही दोन वर्षांची पदवी आहे. जिथे पदवीधर मागतात तिथे ती बी.एस्सी.च्या जागी उभी राहत नाही.

तिसरा आक्षेप काळजीपोटी येतो. पहिल्याच सत्रात रसायन आणि कॅल्क्युलस दिलं आणि मूल कोसळलं तर? ही भीती खोटी नाही, आणि नियमही इथे कडक आहेत. डी किंवा एफ मिळालं तर कोर्स पुन्हा करता येतो, पण सी मिळालं तर गुण सुधारायला पुन्हा बसता येत नाही. ते सी कायमचं. मध्येच सोडून डब्ल्यू घेतलं तर तोही एक प्रयत्न धरला जातो, आणि साधारणपणे एका कोर्सला तीनच प्रयत्न मिळतात. म्हणून पहिलं सत्र अवघड विषयांनी भरायचं नाही. रसायन आणि गणित हे दोनच जड विषय घ्यायचे, सोबत इंग्रजी आणि एखादा हलका कोर्स, एवढंच. बारा-तेरा युनिटं. नोकरी आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर नको. गणितात कच्चेपण असेल तर उन्हाळ्यात बीजगणित आणि त्रिकोणमिती घरी घोटून घ्यायची. २०१७ आणि २०२२ च्या कायद्यांनंतर कॉलेजं मुलांना तयारीच्या गणितात वर्षानुवर्षं अडकवत नाहीत, शक्य तितकं थेट कॅल्क्युलसकडे नेतात आणि जोडीला मदतीचा वर्ग देतात. तो मदतीचा वर्ग कमीपणाचा समजून टाळू नका. ट्यूटरिंग सेंटर पहिल्या आठवड्यापासून वापरायचं, पहिली परीक्षा हातात आल्यावर नाही.

आणि प्रतिष्ठेचं काय, हा प्रश्न मोठ्यानं कोणी विचारत नाही, पण नातेवाइकांच्या बोलण्यातून तो येतोच. १९६० मध्ये कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन केला, त्यात वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजं आणि शिकू इच्छिणाऱ्या सर्वांना कम्युनिटी कॉलेजं अशी रचना होती. खालून वर येण्याची वाट त्या रचनेचाच भाग होती. मानवी जनुकसंचाच्या वाचनाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओमध्ये शिकून यूसी सॅन डिएगोला गेले. यूसीच्या पदवीपत्रावर पहिली दोन वर्षं कुठे झाली ते छापत नाहीत. खरी उणीव दुसरीकडे आहे: कम्युनिटी कॉलेजात संशोधनाची प्रयोगशाळा क्वचितच मिळते. ती भरून काढायला विद्यापीठांतले उन्हाळी संशोधन कार्यक्रम दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासून शोधायला लागा. त्या उणिवेच्या बदल्यात इथे शिकवायला टीचिंग असिस्टंट नाही, स्वतः प्राध्यापक असतात, आणि शिफारसपत्र लिहिणारा विद्यार्थ्याला नावानं ओळखतो.

व्हिसाचा मुद्दा मराठी कुटुंबांसाठी वेगळा लिहावा लागतो. आईवडिलांच्या एच-१बीवर आधारलेल्या एच-४ चं कवच एकविसाव्या वर्षी संपतं. मूल अठराव्या वर्षी कॉलेजात गेलं आणि आराखडा तीन वर्षांचा झाला, तर नेमका तोच वाढदिवस मध्ये येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलं की सत्राला किमान १२ युनिटं घ्यावीच लागतात, त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो, आणि फीचं वर्गीकरण बदलू शकतं. म्हणून वाढदिवसाची तारीख आराखड्यात लिहा आणि वर्षभर आधी कॉलेजच्या कार्यालयाला आणि वकिलाला लेखी विचारा. महाराष्ट्रातून थेट एफ-१ वर येणाऱ्यांना ४६ डॉलरचा दर लागू नाही. त्यांना परराज्यातल्यांची फी भरावी लागते, ती बरीच जास्त असते. स्टेम ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीची, वाढीव मुदत बॅचलर्स किंवा त्यापुढच्या पदवीवरच मिळते, असोसिएटवर नाही, हेही हिशेबात धरा.

एवढं सगळं कागदावर मांडून मग काउन्सेलरकडे जा. कोऱ्या हातानं गेलात तर भेटीची वेळ ओळख करून देण्यातच जाते. सत्रवार कोर्स लिहिलेला कच्चा आराखडा पुढे ठेवलात तर त्याच वेळेत ते चुका दाखवतात. तो पक्का होऊन ‘एज्युकेशन प्लॅन’ म्हणून नोंदला गेला की नोंदणीत प्राधान्य मिळतं, आणि लॅबच्या जागा मोजक्या असल्यानं विज्ञानात ते प्राधान्य फार महत्त्वाचं असतं. प्रत्येक सत्र संपलं की करारपत्र पुन्हा उघडा, कारण ते दरवर्षी बदलू शकतं. प्रवेश मिळाल्यावरही तो सशर्त असतो: अर्जात जे कोर्स पुढे करणार म्हणून लिहिलेत ते पूर्ण झाले पाहिजेत. शेवटच्या सत्रात फिजिक्स सोडायची वेळ आली तर विद्यापीठाला आपणहून कळवा, ते गप्प राहून खपत नाही. अंतिम ट्रान्सक्रिप्ट जुलैच्या आत पाठवायची असते, आणि कॅल-गेटसी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आपोआप जात नाही. त्यासाठी कॉलेजच्या अॅडमिशन्स आणि रेकॉर्ड्स कार्यालयात वेगळा अर्ज भरून, ते पोचलं की नाही ते विद्यापीठाच्या पोर्टलवर तपासावं लागतं.